गुण्याच गुण्यात नाही! (फळ्यावरचा भूमिती संच, पाचपैकी अडीच)

सहावीला भौमितिक रचना सुरू करायच्या आधी वर्गासाठी फळ्यावरचा लाकडी भूमिती संच ऑनलाइन मागवला. गुण्याची जोडी, कोनमापक, खडू लावायचा मोठा कंपास आणि मीटरपट्टी, सगळं मिळून साडेनऊशे रुपये. पॅकिंग मस्त, पॉलिश चकाचक, पोरं तर खोका उघडतानाच नाचायला लागली.

आधी चांगलं सांगते. मोठ्या गुण्याचा खरा उपयोग तिरप्या रेषेला होतो. लंब म्हणजे उभी रेषा हे मुलांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं ना, की फळ्यावर तिरपी रेषा काढून बाहेरच्या बिंदूतून तिच्यावर लंब टाक म्हटलं की बरीच जणं खडू सरळ खाली घेऊन येतात, कोन कितीका होईना. मी रेषेला मीटरपट्टी लावून धरली, एका मुलीने गुण्याची काटकोनाजवळची एक बाजू पट्टीला टेकवली आणि दुसरी बाजू बिंदूला लागेपर्यंत सरकवत नेली, रेष ओढली, तर मागून आवाज, "बाई, लंब पण वाकडा असतो होय!" तेवढ्यासाठी पैसे वसूल म्हटलं तरी चालेल.

पण मग पडताळा घेतला आणि माशी शिंकली. गुण्या खरा की खोटा हे बघायला दुसरं काही लागत नाही. एक रेषा काढा, तिच्यावर बिंदू घ्या, गुण्याने लंब काढा, मग गुण्या पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटा करून त्याच बिंदूतून परत काढा. दोन्ही रेषा एकावर एक बसल्या तर काटकोन बरोबर, नाहीतर चुकीच्या दुप्पट फट दिसते. इथे ४० सेंटीमीटर वर गेल्यावर ७ मिलिमीटरची फट! म्हणजे कोन साधारण अर्ध्या अंशाने चुकलेला. आणि गंमत अशी की धरायची मूठ एकाच बाजूला स्क्रूने बसवलीय, त्यामुळे उलटा केला की गुण्या फळ्याला टेकतच नाही, आधी मूठ काढावी लागली. बनवणाऱ्याने स्वतः कधी उलटून बघितला नसणार.

गावातल्या सुतारदादांकडे नेला. त्यांनीही उलटूनच बघितला आणि हसत म्हणाले, "बाई, तुमचा गुण्याच गुण्यात नाय की!" रंधा मारून एक बाजू सरळ करून दिली, तीस रुपये घेतले, पण त्या बाजूच्या सेंटीमीटरच्या खुणा रंध्याबरोबर गेल्या.

कंपासबद्दल तर बोलायलाच नको. टोकाला रबर आहे ते गुळगुळीत फळ्यावर घसरतं. लंबदुभाजक काढताना त्रिज्या रेषाखंडाच्या निम्म्यापेक्षा जास्त घ्यायची हे मुलांना नीट कळलं होतं, पण एका टोकाकडून कंस मारून झाला की दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पाय सरकून त्रिज्याच बदललेली, मग दुभाजक मध्यातून जाणार कसा? शेवटी सुतळीला खडू बांधून काढला, तो कंपासपेक्षा बरा आला, आता बोला.

सुतळी हातात होतीच, म्हणून पोरांना मैदानात नेलं आणि गवंडी पाया आखताना काटकोन काढतात तसं ३-४-५ करून दाखवलं. एका बाजूला ३ मीटर, दुसरीकडे ४ मीटर, तिरकं अंतर बरोबर ५ मीटर येईपर्यंत खुंटी हलवायची, मग फक्कीची रेघ. खर्च शून्य, आणि अर्ध्या अंशाची भानगड नाही.

मीटरपट्टी आणि कोनमापक ठीक आहेत म्हणून अडीच. दुकानातून घेणार असाल तर खडूचा तुकडा खिशात घेऊन जा आणि पैसे द्यायच्या आधी तिथेच फरशीवर उलटून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. मी विक्रेत्याला फटीचा फोटो पाठवलाय, त्याचं उत्तर आलं, "मॅम, हँडमेड प्रॉडक्ट आहे, थोडा फरक येतो."