घाटासाठी प्रपोर्शनल ब्रेक कंट्रोलर: घ्या, पण त्याच्याकडून काय मागायचं ते आधी ठरवा

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, ओढणाऱ्या गाडीत डॅशबोर्डखाली बसवतात तो ट्रेलरचे ब्रेक लावणारा इलेक्ट्रिक ब्रेक कंट्रोलर, त्यातला प्रपोर्शनल प्रकार, त्याच्याबद्दल लिहितोय. माझा ट्रेलर दोन अ‍ॅक्सलचा, सामान भरून साधारण ३००० किलो, आणि गाडी २५०० च्या आसपास, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. सपाट रस्त्यावर हे फारसं जाणवत नाही, सगळी गंमत उतारावर सुरू होते. आधी टाइम-डिले प्रकारचा कंट्रोलर होता, तो काढून हा बसवला, त्यामुळे दोन्हीतला फरक सांगता येईल.

टाइम-डिलेवाल्याला एवढंच कळतं की ब्रेकचा दिवा लागला. मग तुम्ही पाय नुसता टेकवलाय की जीव खाऊन दाबलाय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, ठरलेल्या वेळात ठरलेल्या आकड्यापर्यंत करंट चढवत नेतो. घाटात याचा वैताग येतो, कारण उतारावर दर वळणाआधी थोडा थोडा ब्रेक लागतो आणि प्रत्येक वेळी ट्रेलर गरजेपेक्षा जास्त ओढून धरतो, मग त्याचेच ड्रम आधी तापतात. आणि खरंच अचानक थांबायची वेळ आली तर करंट चढायला जो वेळ जातो तेवढ्यात ट्रेलर मागून ढकलतोय. प्रपोर्शनलच्या आत सेन्सर असतो, गाडी किती जोरात मंदावतेय ते बघून तो त्या प्रमाणात ट्रेलरला ब्रेक देतो. हळू दाबलं हळू, कचकन दाबलं कचकन. पहिल्याच घाटात फरक कळला, वळणाआधी मागून बसणारा धक्का गेला आणि गाडी-ट्रेलर एकत्र मंदावायला लागले.

इथपर्यंत सगळं भारीच आहे. पण हा कंट्रोलर घेतला म्हणजे घाटाची काळजी मिटली असं जे लोक बोलतात ना, ते मला पटत नाही.

जरा हिशोब करून बघा. ६ टक्के उतार म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६ मीटर खाली. असा १० किलोमीटर उतार असेल तर ६०० मीटर खाली आलात. गाडी-ट्रेलर मिळून ५५०० किलो, ते ६०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती विजेच्या भाषेत साधारण ९ युनिट. ताशी ६० च्या वेगाने हे अंतर १० मिनिटात संपतं. थोडी हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाते, बाकी सगळी एकतर इंजिनने खायची नाहीतर ब्रेकने, आणि ब्रेकने खाल्ली की तिची उष्णताच होणार. ट्रेलरला बहुतेक ड्रम ब्रेक असतात, आत मॅग्नेट असतो, करंट मिळाला की तो फिरणाऱ्या ड्रमला चिकटायला जातो आणि त्या ओढीने लिव्हर सरकून शू दाबले जातात. ड्रम खूप तापला की प्रसरण पावतो, शूपासून लांब जातो, वर लायनिंगची पकड पण कमी होते.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडीचे स्वतःचे ब्रेक तापले तर निदान काहीतरी कळतं, फ्लुइड उकळलं की पेडल मऊ लागतं, खाली जायला लागतं. ट्रेलरचे ब्रेक गेले तर पेडलला काहीच कळत नाही, कारण त्या पेडलचा ट्रेलरशी फक्त वायरचा संबंध. आणि कंट्रोलरच्या स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो किती पाठवलं त्याचा आहे, तिकडे ब्रेक किती लागला त्याचा नाही. आकडा मस्त ६ दाखवतोय आणि मागे ड्रम तापून ट्रेलर नुसता गाडीच्या पाठीवर रेलतोय असं होऊ शकतं. या स्क्रीनवर विसंबून घाट उतरू नका.

म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना नियम ट्रेलर असेल तर एक गिअर अजून खाली धरा, ऑटोमॅटिक असेल तर टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खालचा धरून ठेवणारी सेटिंग) चालू करा. वेग ठरवून घ्या, समजा ६०. तो ६५ ला गेला की ब्रेक नीट दाबून ५० वर आणा आणि पाय पूर्ण काढा, ड्रमला हवा लागू द्या. पाय सतत पेडलवर ठेवून येणं सगळ्यात वाईट. आणि या दाबा-सोडा पद्धतीलाच प्रपोर्शनल कंट्रोलर शोभतो, नीट दाबलं की ट्रेलर पण नीट धरतो, सोडलं की पूर्ण सोडतो.

सेटिंगला लोक कंटाळा करतात, करू नका. कोरडा, रिकामा, सपाट रस्ता बघा, ताशी ४० च्या आसपास चालवा, ब्रेक थोडे गरम झालेले असू देत, मग पेडलला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, कंट्रोलरचा हाताने सरकवायचा खटका पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं लॉक होऊन घसटली तर गेन, म्हणजे ट्रेलरला जास्तीत जास्त किती ब्रेक द्यायचा ती सेटिंग, कमी करा, जेमतेम लॉक व्हायच्या अलीकडे जो आकडा येतो तो तुमचा. पण तो कायमचा नाही, १०० लिटर पाणी टाकीत भरलं की १०० किलो वाढले, परत बघा. पाऊस असेल किंवा खडी असेल तर गेन खाली घ्या. नवीन शू असतील तर ते बसेपर्यंत पकड कमीच येते, त्यावरून सेटिंग ठरवू नका.

त्या खटक्यासाठीच मी हा कंट्रोलर जास्त मानतो. उताराच्या सरळ पट्ट्यावर एक मोठी बस बाजूने भसकन गेली आणि ट्रेलर डोलायला लागला, आरशात त्याची मागची कड एकदा डावीकडे एकदा उजवीकडे दिसतेय. अशा वेळी पाय सहज पेडलवर जातो, तो जाऊ द्यायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरून अंगठ्याने खटका सरकवला, पाठीला मागून ओढ जाणवली आणि ट्रेलर ताणून रांगेत आला. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले की तो मागे खेचला जातो आणि सरळ होतो, एवढंच त्याचं गणित. मात्र हुकवरचं वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के नसेल, सगळं जड सामान मागे कोंबलं असेल, तर तो परत परत डोलणार, तिथे कंट्रोलर काय करणार.

तक्रारी पण आहेत. दुपारच्या उन्हात स्क्रीन वाचता येत नाही, हाताने सावली करून बघावं लागतं, घाटात हे परवडत नाही. अगदी हळू, ट्रॅफिकमध्ये रखडत जाताना ब्रेक एकदम पकडतो, तिथे बूस्ट, म्हणजे सुरुवातीलाच ट्रेलरला जादा ब्रेक देणारी सेटिंग, बंद ठेवला की बरं पडतं. ट्रेलरची वायर गाडीला जोडायच्या सात पिनच्या सॉकेटमध्ये धूळ-पाणी गेलं की ट्रेलर जोडलेलाच नाही असं दाखवतो, हा दोष खरंतर सॉकेटचा, पण निघायच्या आधी पुसून बघायची सवय लावा. ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच) बॅटरी पण तेव्हाच तपासा, हुक सुटला तर कंट्रोलरचा संबंधच संपतो, मग ती बॅटरीच ट्रेलर थांबवते.

ट्रेलरला ओव्हररन ब्रेक असतील तर हे घेऊन काही उपयोग नाही, ते ट्रेलरच्या ढकलण्यावरच चालतात. आणि गाडीत कंपनीनेच दिलेला कंट्रोलर असेल तर तोच वापरा, तो गाडीच्या ब्रेकशी जोडलेला असतो, बाहेरून बसवलेल्यापेक्षा शहाणा. बाकी सगळ्यांनी प्रपोर्शनलच घ्या, टाइम-डिले स्वस्त मिळतोय म्हणून घाटात नेऊ नका.

५ पैकी ४ स्टार, एक कापला तो स्क्रीनसाठी. आणि बसवताना मेकॅनिक सोपं पडतं म्हणून गुडघ्याजवळ खाली कुठेतरी लावून देतो, ऐकू नका, सीटवर बसून हात लांब करून बघा, न बघता अंगठा खटक्यावर पोचतो तिथेच भोकं पाडायला सांगा.