सोलापूरच्या उन्हात एसयूव्हीचे टायर: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गाडीसोबत आलेले टायर साधारण ४० हजार किलोमीटरला उतरवले. समोरून बघितलं तर नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती, पण पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड पार गोटा झालेली. स्टिअरिंग पूर्ण वळवून आत हात घातल्याशिवाय हे कळत नाही. एका दिशेनं बोट फिरवलं की गुळगुळीत, उलट फिरवलं की करवतीसारखं अडकतं. अलाइनमेंटमधला 'टो', म्हणजे चाकांची तोंडं किंचित आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडल्याची ही खूण. सर्व्हिसच्या बिलांवर अलाइनमेंटचे पैसे मात्र दर वेळी लावलेले होते!

नवा सेट त्याच मापाचा घेतला, २१५/६० आर १७, हायवेच्या नक्षीचा. घेताना टायरच्या बाजूवर 'डीओटी' (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख. '१२२३' म्हणजे २०२३ सालचा बारावा आठवडा. मला आधी दाखवलेल्यांत दोन टायर बरेच जुने निघाले. सांगितल्यावर बदलून दिले, कुरकुरत का होईना.

आता हवेचं. आपल्याकडे एप्रिल लागला की पंक्चरवाल्याचं ठरलेलं वाक्य असतं, "मालक, उन्हाळा हाय, तीसच ठेवतो. जास्त भरली तर फुटतंय." बिचारा काळजीनंच सांगतो, पण गणित उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्या दबण्यानं रबर आतून तापतं आणि ४२-४३ अंशांच्या उन्हात वेगानं पळताना टायर फुटायला हीच गरमी पुरते. आमच्या गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लिहिलंय. मी तेवढंच भरतो, पण सकाळी, गाडी हलवायच्या आधी. हैदराबाद रोडनं भर दुपारी तासभर गेलं की काटा ३७-३८ दाखवतो. तापमान १० अंशांनी चढलं की दाब साधारण दीड पीएसआयनं चढतो, त्यामुळे यात घाबरण्यासारखं काही नाही. हा दाब धरूनच पट्टीवरचा आकडा ठरवलेला असतो. गरम टायरमधली हवा सोडून ३३ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी २८-२९ वर गाडी काढाल. डिसेंबरात उलटा प्रकार: पहाटेच्या गारव्यात काटा दोनेक पीएसआय खाली दिसतो, तेव्हा भरून घ्यायची.

नायट्रोजनसाठी जास्तीचे पैसे मी देत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा हवा मोजायचा स्वतःचा एक गेज घ्या, कारण पंपावरचे काटे एकमेकांशी जुळतील याची खात्री नाही.

आई-बाबा, मुलं आणि डिकीभर सामान घेऊन अक्कलकोट किंवा पंढरपूरला निघालो, तर मागच्या चाकांत पट्टीवरच्या भरलेल्या गाडीच्या आकड्याइतकी हवा ठेवतो. तशी न भरता गेलं की वळणावर मागची बाजू डुलते आणि पहिली तक्रार आईची येते.

ग्रिपबद्दल कोरड्या रस्त्यावर बोलण्यासारखं काहीच नाही, ब्रेक सरळ रेषेत लागतो. पहिल्या पावसात तुळजापूरच्या घाटात मुद्दाम हळू गेलो, तेव्हाही पकड सुटली नाही. महिनोन्‌महिन्यांची धूळ आणि तेल त्या दिवशी रस्त्यावर वर आलेलं असतं, तेव्हा कोणताही टायर असो, पाय जपूनच ठेवावा. सिमेंटच्या रस्त्यावर ऐंशीच्या पुढे एक घूं आवाज येतो. जुन्या सेटपेक्षा तो थोडा जास्त आहे.

खरी हार काळ्या मातीत झाली. मंगळवेढ्याकडे पाहुण्यांच्या शेतात पाऊस पडून गेल्यावर गाडी घातली. चार हात पुढे जाताच नक्षीच्या खाचा चिखलानं बुजल्या आणि पुढची चाकं जागेवर फिरू लागली. तिथं गाडी फक्त दिसायला एसयूव्ही, ओढतात पुढचीच दोन चाकं. शेवटी ट्रॅक्टर आला. घरी आल्यावर आतल्या रिमवर वाळलेली माती खरवडून काढा, नाहीतर बॅलन्स बिघडून स्टिअरिंग थरथरतं.

आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची चाकं मागे टाकतो आणि त्याच वेळी अलाइनमेंटचा छापील कागद मागून घेतो, आधीचा आणि नंतरचा दोन्ही. शहरात रस्त्यांची खोदाई कायमच चालू असते. एक खड्डा जोरात बसला की 'टो' हलला समजा. आता चारही टायर कडेपासून कडेपर्यंत सारखे घासलेत. नक्षीच्या तळाशी टीडब्ल्यूआयचे, म्हणजे झीज दाखवणारे, छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. तिथवर घासला की टायर संपला, पण मी पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरलाच बदलणार, कारण त्याखाली पाणी कापायची ताकद झपाट्यानं घटते.

शहर आणि हायवे एवढाच वापर असेल तर असलाच टायर पुन्हा घेईन. रोज शेतात जाणं असेल तर ऑल-टेरेन (कच्च्या रस्त्यावरही चालणारे, खोल नक्षीचे टायर) बघा, आवाज आणि थोडं जास्त पेट्रोल सोसायची तयारी ठेवून. आणि स्टेपनीची हवा आजच तपासा. आमची १८ वर होती.