शब्बाथशाळा की घरभेट?

रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, त्या जालन्याकडची आमची चर्चची मंडळी. सेवा करायची म्हटलं की इथं दोन वाटा पुढे येतात: शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल-वर्गात, शिकवणं, किंवा आजारी, एकट्या माणसांच्या घरी प्रार्थनेला जाणं.

शब्बाथशाळा वचन शिकवते, आधी शिकवणाऱ्यालाच. उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे पैसा उधळून घरी परतलेल्या धाकट्याची आणि रुसून बाहेर थांबलेल्या मोठ्या भावाची येशूनं सांगितलेली गोष्ट, सांगताना एका पोरानं विचारलं, "सर, मोठा भाऊ शेवटी घरात गेला का?" शनिवारी रात्री बायबलातल्या लूकचा 15 वा अध्याय मी दोनदा वाचला होता, तरी हे दिसलं नव्हतं. तिथं उत्तर लिहिलेलंच नाही. तो प्रश्न आठवडाभर माझ्या प्रार्थनेत राहिला. अडचण एकच: ऊसतोडीला घरं निघाली की वर्ग निम्मा रिकामा.

घरभेटीला तयारीपेक्षा धीर लागतो. मोंढ्यामागच्या एका आजींकडे आम्ही जातो. नजर गेलीय, पण नारायण वामन टिळकांचं भजन सुरू केलं की त्या टाळ मागून घेतात. पहिल्या भेटींत मी फार बोललो. आता स्तोत्र 23 वाचतो आणि हात धरून बसतो. चहा निवून जातो.

मला विचाराल तर सुरुवात घरभेटीनं करा, तीही जाणत्या माणसाबरोबर. मग वर्ग घ्या. आजींचं ऐकून आलेल्याच्या तोंडून दाखला वेगळा उतरतो. पाळीची नोकरी असेल तर सध्या घरभेटच बरी. वर्ग मध्येच सोडला की पोरं दारात वाट बघत बसतात.