फॉरमॅटच्या आधी तासभर प्रश्न विचारणारं दुकान (रत्नागिरी, मारुती मंदिर)

लॅपटॉप पूर्ण साफ करून नवीन विंडोज टाकायचं होतं म्हणून पावसहून मुद्दाम मारुती मंदिरजवळच्या गल्लीतल्या एका छोट्या रिपेअरिंगच्या दुकानात गेले होते. पाचपैकी पाच देतेय आणि का ते नीट लिहिते, कारण ह्याच कामात मी आधी फार पोळलेय.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानात दिला होता. तिथे म्हणाले डेस्कटॉपवरचं तेवढं डी मध्ये टाका, डी ला काही होत नाही. टाकलं. पण सी आणि डी ही माझ्या लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कची दोन पार्टिशन, म्हणजे दोन भाग, इन्स्टॉल करताना त्यांनी सगळीच डिलीट केली आणि डी पण गेलं. आमचं घरचं हापूसचं काम आहे, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते, कोणाला किती पेट्या, कोणाचे पैसे यायचेत सगळं त्या एक्सेलमध्ये, आणि नेमका मार्च महिना. मी आणि आई जुन्या वह्या काढून रात्री जागवल्या, तरी काही गिऱ्हाइकं कायमची सुटली ती सुटलीच.

आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, लॅपटॉप पण रडतखडत चालत होता, म्हटलं ११ टाकून घेऊया. या दुकानातल्या मुलाने लॅपटॉप हातात घेतल्यावर पहिलं विचारलं, "ताई, यातलं काय गेलं तर तुम्ही रडाल?" आणि कागद घेऊन लिहायलाच बसला. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आहे का? आहे. मग डेटाचा बॅकअप वेगळा आणि लायसन्स आधी सरेंडर करायचं, म्हणजे या लॅपटॉपवरून सोडवून घ्यायचं, नाहीतर नंतर अ‍ॅक्टिव्हेशनला त्रास. क्रोमचे पासवर्ड सिंक आहेत का ते बघितलं. डेस्कटॉपच्या काही फायलींवर ढगाचं चिन्ह होतं, म्हणजे त्या लॅपटॉपमध्ये नाहीतच, नुसत्या वनड्राइव्हवर आहेत, हे मला तिथे कळलं. पेटीवरच्या लेबलचा जुना मराठी फॉन्ट पण त्याने फॉन्ट्स फोल्डरमधून कॉपी करून घेतला, तो नसता तर आमचं मराठी लेबल उघडल्यावर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली असती. हे मला आयुष्यात सुचलं नसतं.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजचीच सोय. मी कधी चालू केलेलं नाही तरी डिस्क एन्क्रिप्ट निघाली, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकलं की काही लॅपटॉपमध्ये आपोआप होते म्हणे. बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं तर लॅपटॉप ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, ती नसेल तर आपलाच डेटा आपल्याला उघडत नाही. माझ्या फोनवर अकाउंट उघडून की काढली आणि वहीत लिहायला लावली. लॅपटॉपमध्येच सेव्ह करून उपयोग काय, तो लॉक झाला तर ती की पण आतच.

बॅकअप दोन ठिकाणी, एक माझ्या एक्स्टर्नल हार्डडिस्कवर आणि एक गुगल ड्राइव्हवर. आणि ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते पुढे आहे, त्याने ती हार्डडिस्क दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली आणि मलाच फायली उघडून बघायला सांगितलं. गिऱ्हाइकांची एक्सेल, टॅलीचा बॅकअप रिस्टोअर होतो का ते, आणि बाबांचे शेवटच्या गणपतीतले फोटो. मी "आहे" म्हटल्यावर कागदावर टिक. सगळ्या टिक झाल्यावर हार्डडिस्क काढून माझ्या पर्समध्ये ठेवायला दिली, म्हणाला इन्स्टॉल करताना ही लॅपटॉपला लागलेली नकोच, चुकून तीच साफ व्हायची.

विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह त्याचाच होता (घरी करणार असाल तर निदान ८ जीबीचा घ्या, त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं). माझा प्रोसेसर इंटेलचा ११ व्या पिढीचा, त्यात कधीकधी इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही म्हणून त्याने स्टोरेजचा आणि वायफायचा ड्रायव्हर (ते भाग विंडोजला ओळखता यावेत म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) आधीच उतरवून ठेवला होता. खरंच डिस्क दिसली नाही, ड्रायव्हर लोड केला तेव्हा आली. विंडोजची की विकत घ्यायला लागली नाही, ओरिजिनल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, तीच होम एडिशन टाकली आणि नेट मिळाल्यावर अ‍ॅक्टिव्हेट झालं. मध्ये लाईट गेली होती, पण बॅटरी फुल केल्याशिवाय त्याने सुरुवातच केली नव्हती.

७०० रुपये घेतले, बिल दिलं. बसायला एकच स्टूल आहे आणि दुपारी एक ते चार बंद असतं, तेव्हा लांबून येणाऱ्यांनी सकाळीच या, चार्जर आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड विसरू नका. हार्डडिस्क नसेल तर तिथे मिळते, पण तो आधी घरात पडलेली आहे का ते विचारतो.