इंदिरानगरच्या रो-हाउसमध्ये हीट पंप गिझर: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते. घरात चार-पाच माणसं असतील, आंघोळी सकाळभर चालत असतील आणि गच्चीवर सोलरला पुरेसं ऊन मिळत नसेल, तर हीट पंप गिझर, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा गिझर, नाशिकच्या हवेत फार चांगला चालतो. मात्र तो दुपारी चालवायचा. दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि बचतीत त्याने चांगली भर पडते.

आमच्या घरी सासू-सासरे, आम्ही दोघं आणि कॉलेजला जाणारी मुलगी. गच्चीवर ट्यूबवाला सोलर होता आणि वरच्या बाथरूममध्ये २५ लिटरचा गिझर. शेजारी दक्षिणेच्या बाजूला इमारत उभी राहिली आणि सोलरचं गणित संपलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे गरम पाणी जेव्हा सगळ्यात जास्त लागतं नेमकं तेव्हाच ट्यूबांवर सावली. सगळा भार गिझरवर आला, आणि दसऱ्याच्या सुमारास त्याची टाकी गळायला लागली. गच्ची मोकळी असती तर मी दुसरा काही विचार न करता सोलरच पुन्हा बसवला असता, हे स्पष्ट सांगते. तुमची गच्ची मोकळी असेल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही.

गॅस गिझर स्वस्त पडतो, पाणी झटकन देतो. पण आमच्या बाथरूमला एकच छोटी खिडकी, आणि थंडीत सासूबाई ती घट्ट लावून घेतात. बंद जागेत गॅस अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. ज्यांच्याकडे गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलेला आहे त्यांनी तो बाहेर काढून घ्यावा, हे मी हात जोडून सांगते.

राहिला पाच स्टारचा साधा गिझर. स्टार म्हणजे काय, हे खरेदी करणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं. साठवणीच्या गिझरवरचे बीईईचे (ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे) स्टार हे पाणी तापवायला किती वीज लागते ते सांगत नाहीत. तापलेलं पाणी टाकीत नुसतं उभं असताना २४ तासांत किती उष्णता वाया जाते, त्यावर ते ठरतात. पाणी तापवायला लागणारी ऊर्जा ठरलेलीच असते. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायचं तर कॉइलच्या गिझरला चार युनिटच्या आसपास लागणारच, मग स्टार एक असो की पाच. जो माणूस आंघोळीआधी बटण दाबतो आणि आंघोळ झाली की बंद करतो, त्याला जास्तीच्या स्टारचा फायदा थोडाच होतो. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्याला मात्र चांगला होतो.

या चार युनिटांच्या खाली जायचं असेल तर उष्णता दुसरीकडून आणावी लागते. हीट पंप ती हवेतून ओढतो. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो ना, तसंच इथे बाहेरच्या हवेतली उष्णता काढून पाण्यात टाकली जाते. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला. हवा उबदार असेल तर एका युनिट विजेत तीन युनिटांइतकी उष्णता पाण्यात जाते. हवा गार झाली की हे प्रमाण घसरतं.

नाशिकचा हिवाळा इथे कामी येतो. जानेवारीत पहाटे पारा ८-१० अंशांपर्यंत उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली, पण दुपारी तोच २७-२८ पर्यंत चढतो. इतका फरक मुंबईच्या हवेत नसतो. आमच्याकडे १०० लिटरचं यंत्र मागच्या ड्राय बाल्कनीत बसवलं. बसवणाऱ्याने टायमर पहाटे चारचा लावून दिला, कारण आंघोळी सकाळी असतात. त्याच्या वायरीवर आम्ही वेगळा छोटा मीटर लावून घेतला होता. डिसेंबरात पहाटे चालवलं की रोज दोन युनिटांच्या वर जायचं. मग टायमर दुपारी बारा ते चार केला, तर दीड-पावणेदोन. रात्रभर टाकीत पाणी तीन-चार अंशांनी उतरतं, ते धरूनसुद्धा. ज्यांच्याकडे टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर लावणारे मीटर, आलेत त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटांवर सवलतही मिळते. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढत जातात, म्हणून वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातलं असतं. बिलावर फरक दिसला तो त्यामुळे.

आता खटकलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे पाइप. प्लंबरने बाल्कनीपासून वरच्या बाथरूमपर्यंतचा पाइप उघडाच टाकला. प्रत्येक आंघोळीआधी एक बादली गार पाणी जायचं, आणि नळ बंद झाल्यावर पाइपात उरलेलं गरम पाणी निवायचं. पैसे देऊन पाण्यात भरलेली उष्णता भिंतीला वाटली जात होती. नंतर पूर्ण पाइपावर फोमची नळी चढवून घेतली, भिंतीतला तुकडा तेवढा राहिला. हे काम पहिल्याच दिवशी करून घ्या, आणि ते दरपत्रकात आहे का तेही बघा.

दुसरी, वेग. हे यंत्र हळूहळू तापवतं. पूर्ण गार टाकी तापायला तीन तासांच्या आसपास लागतात. आम्हा पाच जणांना १०० लिटर पुरतं, कारण ५५ अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळून वापरायचं असतं. पण दिवाळीत नणंदेचं कुटुंब आलं तेव्हा चौथ्या-पाचव्या आंघोळीनंतर टाकी निवली. आत एक साधी कॉइल असते, ती चालू केली की काम भागतं. तेव्हा वीज मात्र साध्या गिझरइतकीच लागते. पुढे सिंहस्थ आहे, नाशिककरांच्या घरी पाहुणे येणारच. घरात सतत येणं-जाणं असेल तर १५० लिटरचं बघा.

आवाज येतो. एसीच्या बाहेरच्या युनिटसारखी घरघर असते. दुपारी चालतं म्हणून आम्हाला त्रास नाही, पण बेडरूमच्या खिडकीखाली बसवू नका. यंत्रातून गार हवा बाहेर पडते आणि पाणी ठिबकतं, त्याला निचऱ्याची नळी लागते. जागा मोकळी हवी. चारी बाजूंनी बंद कोपऱ्यात ठेवलं तर ते आपलीच गार केलेली हवा पुन्हा ओढत बसेल.

तापमानाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घरात सत्तरीच्या पुढची दोन माणसं आहेत. उन्हाळ्यात बचतीसाठी टाकी ४५ वर ठेवावी असा मोह होतो. पण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया वयस्कर माणसांना जड जातो. म्हणून आम्ही ५० च्या खाली आणत नाही आणि आठवड्यातून एकदा टाकी ६० च्या वर नेतो. आमच्या यंत्रात त्याची वेगळी सोय आहे. घेताना ती आहे का, हे जरूर विचारा.

पाण्याचं म्हणाल तर महापालिकेचं, गंगापूर धरणाचं पाणी असतं तेव्हा काळजी नाही. उन्हाळ्यात सोसायटीची बोअर सुरू होते आणि क्षार वाढतात. आमच्या जुन्या गिझरच्या कॉइलवर त्याचाच जाड पांढरा थर होता. या यंत्रात तापवणारी नळी टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली आहे, त्यामुळे तिच्यावर क्षार बसत नाहीत. पण टाकीच्या आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो स्वतः झिजतो आणि टाकीचा पत्रा वाचवतो. तो वर्षातून एकदा उघडून बघायचा. सर्व्हिसवाल्याला हे आपणहून सांगावं लागतं.

किंमत साध्या गिझरच्या सात-आठ पट आहे. आमच्या वापरात पैसे वसूल व्हायला पाच-सहा वर्षं सहज लागतील. घरात दोघंच असतील, फ्लॅटला ड्राय बाल्कनी नसेल, किंवा भाड्याचं घर असेल, तर पंधरा लिटरचा चांगला साधा गिझर घ्या आणि काम झालं की बंद करा. घेणारच असाल तर वॉरंटी टाकीची किती, कॉम्प्रेसरची किती आणि सर्किटची किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. जाहिरातीत मोठा आकडा असतो तो बहुधा फक्त टाकीचा असतो. आणि नाशकातच कॉम्प्रेसर उघडू शकणारा माणूस त्यांच्याकडे आहे का, हे बिल करण्याआधी विचारा. आमच्याकडे सर्किट बिघडलं तेव्हा सुटा भाग बाहेरगावाहून यायला आठवडा गेला, आणि तोवर आत्याबाईंकडून आणलेल्या हीटिंग रॉडवर बादल्या तापवल्या.