तीन खणांचा स्टीलचा डबा: गळतो कुठे, अडतो कुठे

शाळेच्या डब्यांत सध्या चलती आहे ती तीन खणांच्या, चार क्लिपांच्या स्टीलच्या डब्याची. तुळशीबागेत घ्या नाहीतर ऑनलाइन, ‘लीकप्रूफ’ सगळ्यांवर छापलेलंच असतं. पहिली ते चौथीच्या मुलाला 750 ते 800 मिलीचा पुरतो. हजारचा आणला की आपण तो भरत बसतो आणि अर्धा तसाच परत येतो.

आधी गळतीचं. झाकणातली सिलिकॉनची रिंग फक्त बाहेरच्या कडेवर बसते, मधल्या भिंतींवर काहीच दाबून बसत नाही. दप्तर कोरडं राहतं, पण डबा उभा झाला की मटकीच्या उसळीचं पाणी थेट पोळीत. घरी आणल्यावर एका खणात पाणी घाला, झाकण लावून डबा पाच मिनिटं उभा ठेवा आणि शेजारचा खण बघा. उसळ-दह्यासाठी आत बसणारी झाकणाची डबी सोबत मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच डबा घ्यावा. काकडीला मीठ लावून दिलंत तर पाणी सुटणारच. त्यात डब्याचा दोष नाही.

खरा त्रास झाकणाचा. गरम भाजी भरून लगेच क्लिपा लावल्या की आतली वाफ निवते, दाब कमी होतो आणि झाकण आत ओढलं जातं. सात वर्षांच्या मुलाच्या बोटांना ते निघत नाही. मूल बाईंना सांगायला लाजतं, घरी आपण म्हणतो, ‘भाजी आवडत नाही याला.’ भाजी ताटलीत पसरून आणि पोळ्या सुती कापडावर मोकळ्या टाकून दहा मिनिटं निवू द्या, मग भरा. झाकणावर रबरी बूच असेल तर ते आधी उचलायला मुलाला शिकवा. डबा घेताना मुलालाच दुकानात न्या आणि त्याच्याकडूनच उघडून घ्या.

मोठी सुट्टी असते जेमतेम अर्धा तास. 5 ते 17 वर्षांच्या मुलांना जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. त्यातली दहा-पंधरा मिनिटं याच सुट्टीत मिळतात, डब्याशी झटापट करावी लागली नाही तर. म्हणून चमचा न लागणारं द्या: मेथीच्या थालीपिठाचे चार तुकडे, भाजी भरून गुंडाळलेली पोळी, अर्धं कापलेलं उकडलेलं अंडं.

तिसरा खण ही या डब्याची खोड. तो रिकामा बघवत नाही, मग त्यात वेफर्स जातात आणि मूल तिथूनच सुरुवात करतं. पेरूच्या फोडी ठेवा, नाहीतर खुशाल रिकामा सोडा. काय द्यायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते मुलाने. चार दिवस एक पोळी परत आली, तर पाचव्या दिवशी एकच द्या.

स्टील 304 ग्रेडचं, म्हणजे सहज न गंजणाऱ्या प्रतीचं असावं. चुंबक लावून ओळखता येतं म्हणतात, पण स्वस्त 202 लाही चुंबक सहसा धरत नाही, तेव्हा छापलेला आकडा आणि बिल बघा. रोज लोणचं-लिंबू असेल तर 202 वर बारीक खड्डे पडू शकतात.

रिंग आठवड्यातून एकदा चमच्याच्या मागच्या टोकाने काढा, कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. ओली बसवली की खाचेत काळं धरतं आणि कुबट वास पोळीला लागतो. सुटी रिंग मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. नसेल मिळत, तर शेजारचा डबा बघा.