सायलेन्सर बदलल्यावर फटाके: गॅसकेट, जेट, नवा कार्ब्युरेटर की जुनाच सायलेन्सर?

बाइकचा सायलेन्सर बदलला, आवाज मनासारखा झाला, आणि पहिल्याच उतारावर थ्रॉटल सोडल्याबरोबर मागून 'फट्, फट-फट' सुरू झालं. यावर चार उपाय ऐकायला मिळतात. हवेची गळती बंद करून मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू लावून घ्या, जेट (ज्यांच्या बारीक भोकातून पेट्रोल मोजून येतं ते भाग) मोठे टाका, हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटरच बदला, नाहीतर मुकाट्याने जुना सायलेन्सर परत चढवा. चारही उपाय आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो क्रमाचा. बहुतेक जण थेट जेटला हात घालतात, कारण जेट बदलला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. पाइपाच्या जोडातली फट बंद करणाऱ्या गॅसकेटला तेवढा रुबाब नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला भांडता येईल. बेंड पाइप (इंजिनातून निघणारा वाकडा पाइप) तोच ठेवून नुसता मागचा डबा बदलला असेल तर पहिला उपाय बहुधा पुरतो. बेंड पाइपपासून सगळंच बदललं असेल, किंवा सोबत एअर फिल्टरही मोकळा केला असेल, तर जेट बदलावे लागतील असं धरूनच चाला. बॅफल (आवाज दाबणारा आतला अडसर) नसलेला आखूड, सरळ नळा लावला असेल तर कुठल्याही जेटने फटाके पूर्ण थांबणार नाहीत. आणि जुना झिजलेला नसेल तर कार्ब्युरेटर बदलणं हा मुळात फटाक्यांवरचा उपायच नव्हे.

आधी नीट ऐका

'बॅकफायर' या एकाच शब्दात आपण दोन वेगळी दुखणी कोंबतो. एक म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडातून उलटी ठिणगी, 'फुस्-फट'. मिश्रण फार लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलं की ते रेंगाळत जळतं, इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळतच राहतं आणि उलट्या दिशेने पेट घेतं. इनटेकचं टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) फार टाइट असलं किंवा इग्निशनचं टायमिंग चुकलं तरी हेच होतं. दुसरं दुखणं पाइपातलं. न जळलेलं मिश्रण गरम पाइपात जातं आणि तिथे पेटतं. याला खरं तर आफ्टरफायर म्हणायला हवं, आणि सायलेन्सर बदलल्यावर येणारी तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

मग बघायचं ते फटाके कधी फुटतात. थ्रॉटल पूर्ण सोडल्यावर, गाडी गिअरमध्ये असताना फुटत असतील तर संशय पायलट सर्किटवर (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या मार्गावर) आणि हवेच्या गळतीवर. पाव ते पाऊण थ्रॉटलवर गाडी हिसके देत असेल तर निडल (मधल्या थ्रॉटलला पेट्रोल मोजणारी सुई). पूर्ण थ्रॉटलला दम तुटत असेल तर मेन जेट (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणारा). आणि चांगल्या वेगात अचानक इंजिन क्षणभर मेल्यासारखं होऊन एकच मोठा बार उडत असेल तर कार्ब्युरेटरला हातही लावू नका. ते इग्निशनचं काम आहे. कुठेतरी सैल कनेक्शन, मरायला टेकलेली कॉइल, किंवा स्विचमधला डगमगता संपर्क असतो. ठिणगी गेली, कच्चं मिश्रण पाइपात साचलं, ठिणगी परत आली, आणि बार उडाला.

सगळ्यात स्वस्त चाचणी चोकची. ज्या थ्रॉटलवर त्रास होतो तिथेच चोक (मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) थोडासा ओढा. गाडी सुधारली तर मिश्रण लीन होतं, आणखी बिघडली तर आधीच रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. आयडलिंगवरही असाच अंदाज येतो. रेस देऊन सोडल्यावर आरपीएम वरच लटकत राहून सावकाश उतरत असतील तर लीन. झपकन आयडलच्याही खाली जाऊन परत वर येत असतील तर रिच.

एक गोष्ट ध्यानात घ्या. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये मिश्रण अगदी थोडं येतं, त्यात मागच्या फेरीचा जळका वायू मिसळलेला असतो, त्यामुळे एखादी ठिणगी वाया जाणं तिथे नवलाचं नाही. कंपनीचा सायलेन्सर असतानाही हे अधूनमधून घडत होतंच. त्याच्या कप्प्यांमध्ये तो आवाज विरून जायचा. नव्या डब्याने काही वेळा दोष निर्माण केलेला नसतो, फक्त उघड केलेला असतो.

पहिला उपाय: गळती आणि स्क्रू

फटाक्याला तीन गोष्टी लागतात: न जळलेलं पेट्रोल, उष्णता आणि हवा. सायलेन्सर उतरवून चढवताना नेमकी तिसरी गोष्ट आपण स्वतःच्या हाताने पुरवतो. जुनं दबलेलं गॅसकेट तसंच लावलेलं असतं, किंवा फ्लॅंजचा (पाइप इंजिनाला आवळणाऱ्या कड्याचा) एक नट जास्त आणि दुसरा कमी आवळलेला असतो. एक्झॉस्टच्या प्रत्येक धक्क्यामागोमाग पाइपात क्षणभर दाब कमी होतो आणि त्या बारीक फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. मी स्वतः एकदा दोन दिवस पायलट जेट खाली-वर करण्यात घालवले होते. शेवटी बेंड पाइपच्या तोंडाशी काजळीचा एक काळा फराटा दिसला. नवं गॅसकेट लावलं आणि विषय मिटला.

तपासायचं इंजिन थंड असताना, आणि मोकळ्या हवेत. गाडी चालू करा, हातमोजा घालून जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-चार सेकंद दाबा आणि सिलिंडर हेडजवळ व जोडापाशी 'फुस्-फुस्' ऐका. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे दिसतात. पाइप उतरवला की गॅसकेट नवंच घ्यायचं. एकदा इंजिन तापून थंड झालं की नट पुन्हा समसमान आवळायचे.

इनटेकच्या बाजूचा, कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारा रबरी मॅनिफोल्डही वाकवून बघा. बारीक भेगा सरळ बघताना दिसत नाहीत. तिथून घुसलेली हवा मिश्रण लीन करते आणि तिची लबाडी अशी, की स्क्रूने केलेलं ट्यूनिंग गाडी थंड असताना एक आणि तापल्यावर दुसरंच निघतं.

आणखी दोन जागा सहसा कुणी बघत नाही. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बऱ्याच सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये एअर कट व्हॉल्व्ह असतो. थ्रॉटल सोडला की वाढलेल्या व्हॅक्यूममुळे तो पायलटची थोडी हवा बंद करतो आणि मिश्रण तेवढ्यापुरतं रिच होतं. त्याचं काम फटाके थांबवणं हेच. त्याचा पातळ पडदा फाटला की तुम्ही कितीही जेट बदला, उतारावर फट-फट चालूच राहील. दुसरी जागा म्हणजे प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडणारी यंत्रणा. अनेक गाड्यांत थ्रॉटल सोडल्यावर ती व्हॅक्यूमने बंद होते. काम करताना तिची बारीक नळी निसटलेली राहिली तर गरम पाइपाला हवेचा अखंड पुरवठा सुरू राहतो. ती यंत्रणा काढून टाकण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण अनेक ठिकाणी ते नियमात बसत नाही. नळी जागेवर बसवली तर बहुधा काढायची वेळही येत नाही.

हे सगळं झाल्यावर स्क्रू. इथे एक सापळा आहे. स्क्रू स्लाइडच्या (कार्ब्युरेटरमध्ये वर-खाली सरकणाऱ्या झडपेच्या) इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रित प्रवाह सोडतो, म्हणजे बाहेर फिरवला की रिच. एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो नुसती हवा सोडतो, म्हणजे बाहेर फिरवला की लीन. अगदी उलट! 'अर्धा फेरा बाहेर काढ' हा कुणाचाही सल्ला आपला स्क्रू कुठल्या बाजूला आहे हे बघितल्याशिवाय ऐकायचा नाही. इंजिन पूर्ण तापवा, स्क्रू हलक्या हाताने आत टेकवून फेरे मोजून ठेवा (जोर लावला तर टोक किंवा बैठक खराब होते), परत मूळ जागी आणा, आणि पाव-पाव फेरा फिरवत आयडल सगळ्यात स्थिर व चढा कुठे मिळतो ते शोधा. मग आयडलचा आरपीएम खाली आणून एकदा परत तपासा.

या उपायाची मर्यादा स्क्रूच सांगतो. इंजिनाकडचा स्क्रू तीन फेऱ्यांपलीकडे काढावा लागत असेल, किंवा फिल्टरकडचा स्क्रू एका फेऱ्याहूनही आत न्यावा लागत असेल, तर पायलट जेट लहान पडतोय.

दुसरा उपाय: जेट

कार्ब्युरेटरचे भाग थ्रॉटलच्या उघडण्याप्रमाणे काम वाटून घेतात. बंद ते साधारण एक अष्टमांश पायलट जेट आणि स्क्रू; तिथून पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडचा काप; पाव ते पाऊण निडल; त्यापुढे मेन जेट. सीमा एकमेकींत मिसळतात, पण दिशा कळायला हे पुरे. त्यामुळे थ्रॉटल सोडल्यावरच्या फटाक्यांसाठी मेन जेट मोठा टाकणं म्हणजे पोटदुखीला डोक्याला बाम चोळणं. तरीही सगळ्यात जास्त बदलला जातो तो मेन जेटच.

नुसत्या एक्झॉस्टसाठी बहुधा मेन एक-दोन नंबरांनी आणि पायलट एका नंबराने वाढवून भागतं. नंबर दिसतात तेवढे किरकोळ नसतात. कैहिन या कार्ब्युरेटर कंपनीच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो, म्हणजे 120 म्हणजे 1.20 मिमी. 120 वरून 125 केलं तर भोकाचं क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्के वाढतं. पायलट 35 वरून 38 केला तर जवळजवळ 18 टक्के! मिकुनी या दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा मात्र व्यासाचा नसून प्रवाहाचा असतो, म्हणून एकाचा नंबर बघून दुसऱ्याचा जेट उचलू नका. आणि तारेने किंवा ड्रिलने भोक मोठं करायच्या फंदात पडू नका.

निडलसाठी क्लिप खालच्या खाचेत घातली की निडल वर उचलली जाते, म्हणजे रिच. खाचाच नसतील तर अर्ध्या मिलिमीटरचं वॉशर तेच काम करतं.

मेन जेट तपासायला मोकळा, सुरक्षित रस्ता हवा. पूर्ण थ्रॉटलवरून किंचित मागे या. त्या क्षणी गाडीने उलट जोर धरला तर मेन लीन आहे. प्लगचा रंगही बघावा. पांढराफटक म्हणजे लीन, कोरडी काजळी म्हणजे रिच, फिकट तपकिरी ठीक. पण आजच्या पेट्रोलवर रंग पूर्वीइतका बोलत नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून मिश्रणाचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर मिळाला तर उत्तम. पूर्ण थ्रॉटलला 12.5 ते 13.2 भाग हवेला एक भाग पेट्रोल ही ताकदीची जागा, तर साध्या पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाचं प्रमाण 14.7. दहा टक्के इथेनॉल असलं की तेच सुमारे 14.1 वर येतं, म्हणजे त्याच जेटवर गाडी थोडी जास्त लीन चालते. मात्र मिसफायर होत असताना हा सेन्सर खोटं बोलतो. तो न जळलेला ऑक्सिजन मोजतो आणि लीन दाखवतो. पाइपाला गळती असली तरी तेच. म्हणून इथेही आधी गॅसकेट.

तिसरा आणि चौथा

जुना सायलेन्सर परत लावणं यात हार कसली? आखूड सरळ नळ्यात बाहेरची हवा टोकाकडूनच आत ओढली जाते, ती जेट कसा अडवणार? शिवाय इंजिनाला 'बॅकप्रेशर' (पाइपातला उलटा दाब) लागतं असं जे म्हटलं जातं ते तितकंसं खरं नाही. लागते ती पाइपातून परतणारी दाबाची लाट, आणि तीही वेळेवर. नळ्याची लांबी बदलली की ती वेळ हुकते आणि कमी आरपीएमचा दम जातो. तो जेटने परत येत नाही. मधला मार्ग म्हणजे बॅफल घालणं. बरेचदा तेवढ्याने निम्मं काम होतं.

नवा कार्ब्युरेटर त्यालाच शोभतो ज्याने इंजिनचंही काम केलंय, किंवा ज्याच्या जुन्या कार्ब्युरेटरची स्लाइड आणि निडलची बैठक झिजून गेलीय. नवा आणला तरी तो बसवल्या दिवशी ट्यून केलेला नसतो. जेटचं सगळं काम तिथे पहिल्यापासून करावं लागतं.

| | कधी घ्यावा | काय मोजावं लागतं | काय सुटत नाही |
|---|---|---|---|
| गळती व स्क्रू | फक्त मागचा डबा बदलला | एक दुपार, एक गॅसकेट | मोठ्या थ्रॉटलचा लीनपणा |
| जेट | पूर्ण पाइप, मोकळा फिल्टर | अनेक फेऱ्या, मायलेज, जास्त धूर | गळती, सरळ नळा |
| जुना सायलेन्सर किंवा बॅफल | सरळ नळा, मंद वेगाचा दम गेला | नव्या आवाजाचा मोह | आधीपासूनची झीज |
| नवा कार्ब्युरेटर | जुना झिजलाय | सगळं पहिल्यापासून | बाकी जवळजवळ सगळंच |

एवढं करूनही लांब उतारावर दोन-चार मऊ फुटके आवाज राहिले तर राहू द्या. ते मारण्यासाठी पायलट वाढवत नेला तर प्लग काळा पडतो, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) शिल्लक असेल तर तोही जळतो. ट्यूनिंग करायचं ते रोज चालवता त्याच उंचीवर. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण दहा टक्के विरळ होते आणि खाली अचूक वाटलेली गाडी वर रिच होते. डोंगरावर जाऊन स्क्रू लावलात तर खाली उतरताना फटाके परत भेटतील.